वासाची बंडी

आक्काताई चौगुले आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलली, आणि ते खोबऱ्याच्या एका वाटीबद्दल होतं.

गडहिंग्लजच्या अलीकडं चार मैलांवर कडलगेवाडी आहे. तिथं आक्काताईचं आणि तिच्या धाकट्या जावेचं, इंदूचं, मसाल्याचं कांडप होतं. होळी झाली की आसपासच्या बायका आपापल्या घरची मिरची, धणे, खोबरं, तीळ घेऊन यायच्या आणि वर्षाचा मसाला करून न्यायच्या. भोवतालचं पुष्कळ बदललं होतं. एसटी विजेवर धावत होती, पिकावर औषध उडत्या यंत्रानं मारलं जात होतं, ग्रामपंचायतीचा दाखला घरबसल्या नुसता बोलून मागता येत होता. मसाला मात्र घराघराचा वेगळाच राहिला होता. चाळीस घरं आणि चाळीस मसाले. कुणाच्यात तीळ जास्त, कुणाच्यात लवंग कमी. एका घरात तर सासऱ्यांना सोसत नाही म्हणून जायपत्री घालत नव्हते, आणि ते सासरे जाऊन साठ वर्षं झाली होती. ही सगळी मापं कुठल्या वहीत नव्हती, ती आक्काताईच्या नाकात होती.

कांडपाची एक रीत होती. आलेला जिन्नस एकदम कढईत जात नसे. घरमालकीण खोबऱ्याची वाटी पुढं धरायची. आक्काताई ती नाकाशी न्यायची, आणि "चांगलं हाय" म्हणायची. मगच चूल पेटायची. खोबरं दिसायला पांढरंशुभ्र असलं तरी आतून खवट असू शकतं, आणि तसली एक वाटी पाच किलो मसाला महिन्या-दोन महिन्यांत नासवते. त्यामुळं आक्काताईच्या त्या दोन शब्दांवर चाळीस घरांचं वर्षभराचं जेवण उभं असायचं.

त्या साली माघात तिला ताप आला. गावोगाव फिरत असलेला तो ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. फुलांचा नाही, शेणाचा नाही, जळक्या दुधाचासुद्धा नाही. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. आक्काताई वाट बघत राहिली, कुणाला बोलली नाही. होळी आली. पहिल्याच दिवशी पुतळाबाई मगदूमनं खोबऱ्याची वाटी पुढं धरली. आक्काताईनं ती नाकाशी नेली. दगड नाकाशी धरावा तसं वाटलं. भोवती दहा-बारा बायका उभ्या होत्या.

"चांगलं हाय," आक्काताई म्हणाली.

ते चांगलं नव्हतं.

ज्येष्ठात पुतळाबाई बरणी घेऊन आली. कांडपाच्या ओट्यावर ती ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाली, "घे वास."

आक्काताईनं वाकून श्वास घेतला, पण खवट वासानं तिचं नाक मुरडलं नाही.

"कवापासनं?" पुतळाबाईनं विचारलं.

"माघापासनं."

"मसाला गेला, त्याचं एक असू दे. पण माझ्या तोंडावर चांगलं हाय म्हणालीस?" एवढं बोलून ती गेली. बरणी तिथंच राहिली.

आठ दिवसांत गावभर झालं. इंदूला हे आधीच ठाऊक होतं. आक्काताईनं नासक्या दुधाचा चहा निवांत पिताना तिनं बघितलं होतं आणि भीतीनं तोंड मिटून घेतलं होतं. त्यामुळं दोघी जावा महिनाभर एकमेकींच्या डोळ्याला डोळा न देता वावरल्या. शेवटी इंदूच बोलली.

"आक्का, तालुक्याला त्या भाजणी यंत्रवाल्यांना जागा पायजे हाय. आपलं कांडप त्यांना दिऊया. त्यांचं यंत्र खोबरं बराबर टिपतंय म्हणं."

"टिपतंय. आणि सगळ्या घरांला एकच मसाला देतंय."

"तर मग तू काय करणार हाईस? नाक न्हाई, गिऱ्हाईक न्हाई."

"येत्या होळीपातूर थांब," आक्काताई म्हणाली. "होळीला वाटी माझ्या पुढं आली आणि मला कळलं न्हाई, तर दुसऱ्या दिवशी किल्ली तुझ्या हातात."

"होळीला काय हुणार हाय?"

"ठाव न्हाई."

ठाऊक नव्हतं ते खरंच होतं. पण श्रावणात मेहरुन्निसा मुजावर आली. मुजावरांचं घर चाळिसांतलं एक. पोरगी कोल्हापूरला एका प्रयोगशाळेत वासावर संशोधन करत होती. तिनं पिशवीतून एक बिनबाह्यांची पातळ सुती बंडी काढली. बंडीच्या पाठीवर आतल्या बाजूनं मसुराएवढी बत्तीस बटणं होती. सोबत काड्यापेटीएवढी एक डबी, गळ्यात अडकवायची.

"ह्या डबीत बत्तीस बारीक पापुद्रे आहेत, मावशी," मेहरुन्निसा म्हणाली. "आपल्या नाकात जी प्रथिनं वास पकडतात, तसलीच प्रथिनं प्रयोगशाळेत करून प्रत्येक पापुद्र्यावर बसवली आहेत. वासाचा कण पापुद्र्यावर बसला की त्यातली वीज किंचित बदलते, आणि त्या पापुद्र्याचं बटण तुमच्या पाठीवर थरथरतं. एक पापुद्रा एकच वास पकडतो असं नाही. काही पकडतो जोरात, काही हळू. म्हणून धण्याला नऊ बटणं वाजतील, जिऱ्याला अकरा, त्यातली चार दोघांची सारखी."

"आणि पाठीला काय कळणार त्यातलं?"

"नाकाला तरी कुठं कळतंय? नाक नुसता निरोप देतं. वास घेतो मेंदू. तो कवटीच्या अंधारात बसलेला. निरोप नाकाकडून आला की पाठीकडून, त्याला दिसत नाही. अमुक थरथर आली की समोर धणे असतात, असं पुष्कळ वेळा झालं की तो थरथर विसरतो. मग त्याला धणेच कळतात."

"पुष्कळ म्हणजे?"

"हजारो वेळा."

"अगं, अठ्ठावन्न वर्साची हाय मी."

"म्हणून तर आजच घाला."

मेहरुन्निसानं चोवीस बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, निलगिरी, कापूर, अशा. प्रत्येकीचा वास रोज वीस वेळा, आधी नाव वाचून, मग डोळे मिटून. आक्काताई न चुकता बसायची. पाठीवर मुंग्यांची रांग फिरल्यासारखं व्हायचं, आणि सगळ्या मुंग्या सारख्याच. भादव्यातल्या उकाड्यात बंडी अंगाला चिकटायची, घामोळं यायचं. रांधताना, झाडताना, देवळात, सगळीकडं पाठ आपली बडबडत राहायची, आणि तिची भाषा काही कळायची नाही. दीड महिन्यानं चोविसांतल्या तीन बाटल्या ओळखू आल्या. मेहरुन्निसानं फोनवर सांगितलं की बंड्या नऊ जणांना दिल्या होत्या, त्यातल्या पाचांनी परत केल्या.

त्या दिवशी आक्काताईनं बंडी काढून दोरीवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती तिथंच लोंबत होती. इंदूनं येता-जाता बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताईनं ती झटकली आणि पुन्हा अंगात घातली.

"का गं?" इंदूनं विचारलं.

"काढली तर पाठ लई मोकळी वाटाय लागली. काल दिवसभर काय तरी हरवल्यासारखं झालं."

इंदूला ते खुळ्यासारखं वाटलं. पण पंधरा दिवसांतच एक गंमत झाली. आक्काताईचे यजमान रावसाहेब एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी देवासमोर तंबाखू सोडली होती. आता आक्काताईच्या ध्यानात आलं की यजमान गोठ्याकडून आले की आपल्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली तीन ठोके पडतात आणि कमरेला एक. घरातून आले तर पडत नाहीत, मळ्यातून आले तरी पडत नाहीत. ती उठून गोठ्यात गेली. ठोके वाढले. म्हशीजवळ कमी, कडब्याजवळ कमी, पेंडीच्या पोत्याजवळ जोरात. तिनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तंबाखूची चंची बाहेर काढली.

"अहोऽ!"

रावसाहेब दारात आले, चंची बघितली, बंडी बघितली. "ती बंडी परत दे त्या पोरीला," ते म्हणाले. "घरात पोलीस आणून ठेवलाय."

आक्काताई हसत सुटली. ज्येष्ठापासून पहिल्यांदा हसली. पेंडीच्या पोत्यावर बसून, डोळ्याला पदर लावून हसली. तेवढ्यात इंदू धावत आली. तिला वाटलं जाऊ रडते आहे.

त्याच दुपारी आक्काताईनं मेहरुन्निसाला फोन लावला. "मेहरू, तुझ्या बाटल्यांत तंबाखू हाय काय?"

"नाही, मावशी."

"म्हणूनच जमंना झालंय. तुझ्या बाटल्या माझ्या कोण लागतात? मी वाचाय कशी शिकलो ठाव हाय? बेचाळीस वर्सांची असताना, स्टँडवर. हे गाडी घिऊन यायचे आणि मी डबा घिऊन उभी असायचो. अ आ इ मला कुणी शिकवलं न्हाई. गाडीवरची पाटी तेवढी वळखायची, गडहिंग्लज-आजरा, आख्खीच्या आख्खी. मग एक दिवस दुसऱ्या पाटीवर तसलाच ग दिसला. आधी पाटी, मागनं अक्षरं. तू मला अक्षरं दिलीस. पाट्या दे."

"पाट्या म्हणजे?"

"चाळीस घरांचे मसाले. ते मला तोंडपाठ हाईत. नाकानं पाठ केलेलं पाठीला शिकवतो."

मेहरुन्निसा म्हणाली, "करून बघा. माझ्या बाटल्यांपेक्षा वाईट होणार नाही."

पण मसाले आणायचे कुठून? रागावलेल्या घरांच्या दारात आक्काताई कुठल्या तोंडानं जाणार? चार दिवस ती त्याच विचारात होती. पाचव्या दिवशी इंदूनं ओट्यावर पिशवी उपडी केली. कागदाच्या पुड्याच पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं घराचं नाव.

"दारोदार हिंडलो," इंदू म्हणाली. "म्हटलं, पळीभर द्या, आक्काला शिकायचं हाय. एकोणचाळीस घरांनी दिला. देसायांच्या म्हातारीनं तर दोन पळ्या दिल्या. म्हणाली, तिला सांग, जायपत्री अजून घालत न्हाई."

"आणि पुतळा?"

"दार लावून घेतलं."

आक्काताईनं जावेच्या तोंडाकडं बघितलं. "माझ्यापायी दारोदार मागत हिंडलीस व्हय गं?"

"तवा गप बसलो हुतो न्हवं," इंदू म्हणाली. "त्येची फेड समज." आणि ती पाणी तापवायला आत निघून गेली.

पुतळाबाईच्या घरचा मसाला तसा होताच. नासलेली ती बरणी आक्काताईनं फळीवर ठेवली होती. आता ती सगळ्यांत मोठी मास्तरीण झाली. खवटपणाला पाठीच्या मधोमध, कण्याला धरून दोन बटणं वाजायची, ओबडधोबड, दार ठोठावल्यासारखी. ती एकदा कळली आणि मग कुठंही चुकली नाहीत.

एक अडचण राहिलीच. मिरचीची पूड हवेत उडाली की सगळे पापुद्रे एकदम माखायचे आणि पाठीवर गारा पडल्यासारखी बत्तीसच्या बत्तीस बटणं कोसळायची. कांडपात बसून हे चालणार कसं? मेहरुन्निसानं डबीवर जाळी बसवून दिली. जाळीनं पूड अडवली आणि वासही अडवला. बारीक जाळी, जाड जाळी, दुहेरी जाळी, सगळ्या करून झाल्या.

एके दिवशी इंदू घरची मिरची कुटत होती. ठसका उठू नये म्हणून तिनं सवयीनं मिरचीवर तेलाचा हात फिरवला. आक्काताई बघत राहिली. मग उठली, लोखंडी पळीत चमचाभर तेल कोमट केलं, त्यात चिमूटभर मसाला टाकला आणि पळी गळ्यातल्या डबीखाली धरली. पूड तेलात बसून राहिली. वास तेवढा वर आला. पाठीवर गारा पडल्या नाहीत, एकेक ठोका सुटा सुटा पडला. पाटलांच्या घरचा मसाला. तीळ जास्त, लवंग कमी.

मेहरुन्निसा आली तेव्हा तिनं पळी हातात घेऊन दोनदा उलटसुलट बघितली. "वासाचे कण तेलात विरघळतात," ती हळूहळू म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. "तेल कोमट झालं की ते सुटून वर येतात, आणि पूड खालीच राहते. मावशी, आम्ही महिनाभर जाळ्या बदलत होतो."

"तुमच्यात सैपाक कोण करतंय?" आक्काताईनं विचारलं.

"खानावळ आहे."

"तरीच."

मार्गशीर्षात ती गोष्ट घडली जिची आक्काताईला आशा उरली नव्हती. ती अंगणात तांदूळ निवडत होती. शेजारी कुणीतरी धणे भाजायला घेतले. पाठीवर काय वाजलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या मनात एकदम धणे आले. आख्खे, उन्हात तापलेले, आपल्या आईच्या हातातल्या सुपातले धणे. तांदळाचं ताट तसंच मांडीवर ठेवून ती कितीतरी वेळ बसली. शेजारणीला काही सांगितलं नाही. नुसती म्हणाली, "सखू, आच कमी कर गं."

पूस महिना सरेपर्यंत चाळीसही मसाले पाठीला पाठ झाले. आणि तेव्हा आक्काताईला एक गोष्ट दिसली, जी नाक शाबूत असताना कधी दिसली नव्हती. नाकात सगळे वास एकमेकांत मिसळून जातात. पाठीवर मात्र प्रत्येकाला जागा असते. एकामागून एक चाळीस पुड्या तेलात टाकून ती बसली असताना तिला जाणवलं की उजव्या खांद्याखाली एक जागा आहे, तीन बटणांची, आणि ती चाळीसपैकी एकाही घरात वाजत नाही. भरल्या पंक्तीत एक पाट रिकामा राहावा तशी ती जागा.

"तिथं काय असंल गं?" तिनं इंदूला विचारलं.

"कुठं?"

"हितं." आणि तिनं हात मागं वळवून खांद्याखाली बोट दाखवलं.

"तिथं काय न्हाई, आक्का. तिथं बरगडी हाय."

पण आक्काताईला चैन पडेना. ती शोधत हिंडायला लागली. कडब्याच्या गंजीपाशी उभी राहिली, देवळात कापरापाशी, न्हाव्याच्या दुकानापाशी, भिजल्या भिंतीपाशी. रावसाहेब म्हणाले, "माझी तंबाखू घावली, आता गावाची काढणार हाईस काय?" ती पेरूच्या पानांना भेटली, चिंचेच्या सालीला भेटली, कवठाला भेटली. कुठं एक बटण वाजायचं, कुठं दोन. तिन्ही कुठंच नाहीत.

माघाच्या सुरुवातीला ती मळ्यातून घरी येत होती. बांधावरच्या रायवळ आंब्याखालून वाट होती. झाडाखाली पाऊल टाकलं आणि उजव्या खांद्याखाली अगदी हलके तीन ठोके पडले, एकापाठोपाठ एक. ती थांबली. वर बघितलं. झाड मोहोरानं पिवळं पडलं होतं.

जुनं लुगडं झाडाखाली अंथरून तिनं गळालेला मोहोर गोळा केला. सावलीत वाळवला. मग सुरू झाली इंदूची परीक्षा. आक्काताईला पाठीवर वाजलेलं कळत होतं, पण जेवणाची चव वासाशिवाय अर्धीच असते, आणि जिभेला कसं लागतं हे तिला कळणार नव्हतं. ते इंदूनं सांगायचं.

"कडू," इंदूनं पहिल्या दिवशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गवत खाल्ल्यासारखं."

तिसऱ्या दिवशी, "हे सर्दीचं औषध हाय."

नवव्या दिवशी तिनं चमचा खाली ठेवला. "आक्का, माझी जीभ माझ्या म्हातारपणी मला लागणार हाय. आणि असलं मसाल्यात घालतंय कोण? आजपातूर कुणी घातलंय काय?"

"न्हाई घातलं. म्हणून तर तिथं जागा हाय."

बाराव्या दिवशी आक्काताईनं मोहोर चुलीवर घातलाच नाही. धणे भाजून खाली उतरवले, आणि त्यांच्या अंगच्या उष्णतेवर मोहोर टाकून झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा पाठीवरचे ते तीन ठोके करकरीत राहिले नव्हते. ते बाकीच्यांत जाऊन बसले होते. तिनं मसाला कुटला, आमटीत घातला, आणि चमचा इंदूपुढं धरला.

इंदूनं चाखलं. पुन्हा चाखलं.

"बोल की!"

"थांब जरा," इंदू म्हणाली, आणि वाडगंच ओढून घेतलं.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी जावांनी कांडप झाडून घेतलं, कढई घासली, आणि अख्खा मसूर आणि भाकरीचं जेवण केलं. जेवायला या, येताना मसाल्याचा जिन्नस आणा, असा इंदूनं घरोघर निरोप दिला होता. किती येतील ठाऊक नव्हतं. दहा वाजता कुणी नव्हतं. साडेदहाला देसायांची म्हातारी नातीचा हात धरून आली. मग दोघी आल्या, मग पाच. अकरापर्यंत बावीस बायका झाल्या. मेहरुन्निसाही कोल्हापूरच्या गाडीनं आली आणि मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

शेवटी पुतळाबाई मगदूम आली. पदराखालून तिनं खोबऱ्याच्या तीन वाट्या काढल्या आणि ओट्यावर ओळीनं मांडल्या. इंदूची नजर आक्काताईच्या कमरेच्या किल्लीकडं गेली.

आक्काताईनं पहिल्या वाटीचा कीस काढला, कोमट तेलात टाकला, पळी गळ्याखाली धरली. "चांगलं हाय."

दुसरी. "चांगलं हाय. पण पार गेल्या दिवाळीचं हाय, लवकर वापर."

तिसरी वाटी सगळ्यांत पांढरी होती. आक्काताईनं पळी धरली आणि मधोमध कण्यावर दार ठोठावलं गेलं. तिनं पळी खाली ठेवली.

"हे खवट हाय, पुतळा. आणि ते तुला ठाव हाय."

"हाय ठाव," पुतळाबाई म्हणाली. "दुकानदाराकडनं मुद्दाम मागून आणलं."

बायका हसल्या. पुतळाबाई हसली नाही. "आज खरं बोललीस. आणि गेल्या साली?"

"गेल्या साली भ्यालो हुतो मी," आक्काताई म्हणाली. "नाक गेलं म्हटलं तर माझं उरतंय काय, असं वाटलं. ते खोटंच. तुझ्या तोंडावर बोललो, आज सगळ्यांच्या तोंडावर सांगतो. चुकलो."

पुतळाबाईनं खवट वाटी उचलून बाहेर उकिरड्याकडं भिरकावली. मग मांडी घालून बसली. "भूक लागलीय," ती म्हणाली. "जेवाय बोलवलंय न्हवं?"

ताटं वाढली. पहिला घास गेला आणि बोलणं थांबलं. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा राहिला. आक्काताई एकेकीचं तोंड बघत होती. तिला स्वतःला या जेवणाची चव कधी कळणार नव्हती, ती तिला या तोंडांवरच वाचायची होती.

"ह्यात काय घातलंयस?" पुतळाबाईनं विचारलं.

"वळख."

"तिरफळ," एक म्हणाली. "आंबेहळद," दुसरी म्हणाली. देसायांची म्हातारी डोळे मिटून घास घोळवत होती. "मला माझ्या माहेरचा बांध दिसाय लागलाय," ती म्हणाली. "असं का गं?"

पुतळाबाईचा हात तोंडापाशी थांबला. "आंब्याचा मोहोर!"

"मोहोर? मसाल्यात?" मागून कुणीतरी ओरडलं. "कवा कुणी घातलाय काय?"

"आता घातलाय," इंदू ताठ मानेनं म्हणाली, जणू बारा दिवस तक्रार केलीच नव्हती.

"पण तुला सुचलं कसं?" पुतळाबाईनं विचारलं. "आम्हा नाकवाल्यांना जे सुचलं न्हाई ते?"

आक्काताईनं दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द पुरेनात. मग तिनं हात धुतले. "पाठ कर," ती म्हणाली. पुतळाबाईनं पाठ केली. आक्काताईनं दहाही बोटं तिच्या पाठीवर ठेवली आणि मसाला वाजवायला सुरुवात केली. कमरेपाशी मिरची, जड आणि जलद. वर धणे, सावकाश पसरणारे. मानेखाली लवंग, टोचून लगेच जाणारी. मग उजव्या खांद्याखाली तीन बोटं, हलकेच.

"अगंबाई," पुतळाबाई म्हणाली. "ह्यो मोहोर!"

"व्हय."

"मला! मला!" म्हणत बायका उठल्या. एकटी आक्काताई कितीजणींना पुरणार? शेवटी पुतळाबाईनंच तोड काढली. सगळ्यांना एकामागं एक ओळीनं बसवलं, आक्काताईला मागच्या टोकाला. आक्काताई पुढचीच्या पाठीवर वाजवणार, ती तिच्या पुढचीच्या, असा मसाला पाठीपाठीनं पुढं जाणार. दारातून डोकावलेल्या रावसाहेबांनाही इंदूनं ओढून ओळीत बसवलं. "मी काय केलंय आता?" ते म्हणाले, पण बसले. हसण्यानं कुणाची बोटं चुकत होती, कुणी मध्येच विसरत होतं, देसायांची म्हातारी आपल्या मनचं काहीतरी घालत होती. ओळीच्या शेवटी मेहरुन्निसा होती. ही बंडी तिनं केली होती, पण स्वतःच्या पाठीवर कधी मसाला घेतला नव्हता. तो पोहोचला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

आक्काताईनं बंडी काढून खुंटीला लावली, ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मेहरुन्निसापुढं पाठ करून बसली. "वाजव. माझा मला परत मिळू दे."

मेहरुन्निसानं वाजवला. आक्काताई ऐकत राहिली, मान जराशी वाकडी करून. मिरची मधेच थांबत होती. लवंग कुठं तरी हरवली होती. तिच्या जागी, डाव्या बाजूला, बरगडीखाली, दोन लांब ठोके आले होते, जे तिनं पाठवलेच नव्हते.

"चुकलं का, मावशी?"

"गप," आक्काताई म्हणाली. "पुन्यांदा वाजव."

मेहरुन्निसानं पुन्हा वाजवला. आक्काताईचे डोळे चमकायला लागले.

"ह्यो माझा मसाला न्हाई," ती उठत म्हणाली. "ह्यो कुणाचाच न्हाई अजून. इंदे, कढई ठेव चुलीवर. आणि बायांनो, बसून काय ऱ्हाताय, ज्याच्या त्याच्या पिशव्या उघडा. डाव्या बरगडीखाली दोन लांब ठोके. बघूया कशात घावतात."